दुखत नव्हतं म्हणून

सकाळी दात घासून थुंकलो की बेसिनमध्ये एक गुलाबी रेघ दिसायची. रोज नाही, आठवड्यातून दोन-तीनदा. मी नळ सोडायचो, रेघ वाहून जायची आणि विषय संपायचा. असं सात-आठ महिने चाललं. डावीकडच्या खालच्या दाढेपाशी हिरडी फुगल्यासारखी झाली होती. जीभ लावली की मऊ लागायची, बोटाने दाबली तर तोंडात काहीतरी खारट यायचं. पण ती दाढ खरी नव्हती. तिथे सहा वर्षांपूर्वी इम्प्लांट बसवलेलं, म्हणजे हाडात धातूचा स्क्रू आणि वर सिरॅमिकची कॅप. धातूला कीड लागत नाही, त्यात नस नाही, मग दुखणार काय आणि बिघडणार काय, असा माझा सरळ हिशेब होता.

हिशेब हा माझा धंदाच. चौतीस वर्षं लोकांची खाती तपासली. दुसऱ्याच्या ताळेबंदातली बारीकशी तफावत मला रात्री झोपू द्यायची नाही, आणि स्वतःच्या तोंडातली ही रेघ मी बिनदिक्कत नळाखाली सोडून देत होतो.

वर एक शहाणपणाही केला. घरात कुठल्याशा जुन्या आजारपणातल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या उरल्या होत्या, त्या पाच दिवस घेतल्या. खारट येणं थांबलं. पंधरा दिवस मी स्वतःवर खूश होतो, सोळाव्या दिवशी पुन्हा तेच. गोळी पोहोचते रक्तातून, आणि जंतूंचा थर बसलेला असतो धातूवर, चिकट पापुद्र्यासारखा. तो खरवडल्याशिवाय निघत नाही. हे मला खूप नंतर कळलं. शेवटी हिनेच एका सकाळी तोंडावर सांगितलं, “अहो, हल्ली तुमच्या तोंडाला वास येतो. रागवा हवं तर.” रागवायला तोंड उघडायची सोय नव्हती. मी गेलो.

या वेळी हिरड्यांच्या तज्ज्ञ डॉक्टर शोधल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या. “आ करा काका,” म्हणून त्यांनी बारीक रेघा आखलेली एक बोथट सळई घेतली आणि इम्प्लांटच्या कडेने हिरडीखाली अलगद सरकवली. दाब इतका हलका की काही टोचल्यासारखंही वाटलं नाही. एका इम्प्लांटभोवती सहा ठिकाणी हिरडीखालच्या फटीची खोली मोजतात, तीन गालाकडून आणि तीन जिभेकडून. त्या मोजत होत्या आणि मदतनीस मुलगी लिहून घेत होती. “तीन, चार, सहा. चार, पाच, आठ. रक्त आहे. मागच्या बाजूला पू आहे.” आकडे मिलिमीटरचे होते. कुठला आकडा वाईट हे कुणी सांगायची गरज पडली नाही. आठ म्हणताना त्यांचा आवाज किंचित खाली गेला होता.

“जुना एक्स-रे आहे का? कॅप बसवली त्या दिवसाचा?”

नव्हता. मी मागितला नव्हता, त्यांनी दिला नव्हता. म्हणजे ओपनिंग बॅलन्सच नाही. हाड आज किती आहे ते दिसतं, पण त्या दिवशी किती होतं ते कळल्याशिवाय किती गेलं हे कसं सांगणार? मी हे विचारलं तर डॉक्टर हसल्या. माझ्यासारख्यांसाठीही नियम होता. २०१७ साली जगभरच्या हिरडीतज्ज्ञांनी एकत्र बसून व्याख्या ठरवल्या, त्या पुढच्या वर्षी छापून आल्या. जुनी नोंद नसेल, तर हलक्या हाताने मोजताना रक्त किंवा पू येतो, खोली सहा मिलिमीटर किंवा जास्त आहे आणि हाड तीन मिलिमीटर किंवा अधिक खाली गेलं आहे, या तिन्ही गोष्टी जुळल्या की निदान पक्कं धरायचं. माझ्या बाबतीत पहिल्या दोन तर जुळल्याच होत्या.

तिसरी एक्स-रेने जुळवली. पडद्यावर माझा स्क्रू उभा होता. खालचे आटे हाडात घट्ट रुतलेले, पांढऱ्यात पांढरे. वरच्या चार मिलिमीटरभर मात्र आट्यांभोवती काळं, वाटीसारखं खोलगट. आणि एका बाजूला, कॅपच्या कडेखाली, तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका. “हे काय?” मी विचारलं. “बघू या,” एवढंच त्या म्हणाल्या.

मग हे हलत कसं नाही? मला वाटायचं, बिघाड झाला तर दात हलेल, तेव्हा जाऊ. यातली गोम अशी की टायटॅनियमला हाड थेट चिकटतं. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क या स्वीडिश संशोधकाला १९५२च्या सुमारास सशाच्या हाडावर काम करताना हे ध्यानात आलं आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. त्या घट्ट पकडीचीच ही दुसरी बाजू. वरचं अर्धं हाड गेलं तरी खालचं अर्धं स्क्रूला असं धरून ठेवतं की चावताना कुठे काही जाणवत नाही. इम्प्लांट हलायला लागलं याचा अर्थ पकड सगळीच सुटली, आणि मग काढण्यावाचून इलाज नसतो. माझ्या ‘हलेल तेव्हा जाऊ’ची तारीख म्हणजे थेट तेराव्याची तारीख होती.

डॉक्टरांनी कागदावर दोन चित्रं काढून दाखवली. खऱ्या दातात हिरडीचे तंतू मुळाच्या आवरणात आडवे शिरलेले असतात, शिवल्यासारखे. इम्प्लांटला ते नुसते लपेटून बसतात, शर्टाची बाही मनगटाला बसते तसे. बाही कितीही घट्ट असली तरी मनगटाला शिवलेली नसते, फटीतून आत जाता येतं. शिवाय दात आणि हाडाच्या मध्ये एक जिवंत अस्तर असतं, त्यातून हिरडीला रक्त मिळतं. इम्प्लांटला ते अस्तरच नाही. म्हणून त्याच जंतूंनी खऱ्या दाताभोवती जे नुकसान वर्षानुवर्षं घेऊन केलं असतं, ते इथे भराभर होतं.

“पहिल्या टप्प्यात नुसती हिरडी सुजते,” त्या म्हणाल्या. “त्याला म्युकोसायटिस म्हणतात. नीट स्वच्छता केली की ती परत जागेवर येते. हाड जायला लागलं की पेरिइम्प्लांटायटिस. गेलेलं हाड आपणहून परत येत नाही. तुम्हाला रक्त दिसायला लागलं ते कधी?”

सात-आठ महिने, मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली आणि काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग उलटतपासणी सुरू झाली. मूळ दाढ का गेली होती? हिरडीच्या आजाराने, हलत होती. बाकीच्या दातांच्या हिरड्यांवर नंतर उपचार झाले? नाही. सिगारेट? नाही. या एका उत्तराने मी जरा ताठ बसलो. मधुमेह? आहे. शेवटचं एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी? ८.४. मी पुन्हा सैल झालो. इम्प्लांट साफ कसं करता? ब्रशने. मधल्या फटीत काय घालता? काही नाही, कधीमधी टोकदार काडी. तपासणीला किती वेळा गेलात? पहिल्या वर्षी दोनदा. प्रत्येक उत्तर समोरच्या मुलीने टाइप केलं. मी आयुष्यभर लोकांना असे प्रश्न विचारले आहेत. समोर बसून उत्तर देताना घसा कसा कोरडा पडतो ते त्या दिवशी समजलं.

पुढच्या खेपेला कॅप उतरवायची होती. ती सिमेंटने चिकटवलेली, ओढून निघणारी नव्हती. म्हणून भूल देऊन कॅपच्या माथ्यावर ड्रिलने भोक पाडलं, कॅपला इम्प्लांटशी जोडणाऱ्या मधल्या बारीक स्क्रूच्या डोक्यापर्यंत. त्या बोळात पांढरी टेफ्लॉनची पट्टी कोंबलेली होती. ती चिमट्याने बाहेर निघाली आणि वास आला. माझ्याच तोंडातला, माझ्याच नाकाला. हिने किती दिवस सहन केलं असेल कुणास ठाऊक! मग एक छोटासा पाना, चार-पाच हलके वळसे, आणि कॅप बुडख्यासकट सुटी झाली.

डॉक्टरांनी ती धुऊन, गॉजवर ठेवून माझ्या तळहातावर दिली. “बघा. उलटी करा.”

वरून ती गुळगुळीत, दातासारखी दात. उलटी केली तर जिभेकडच्या कडेखाली पिवळट सिमेंटची एक ओघळलेली झालर होती, वाळलेल्या डिंकासारखी कडक आणि बोटाला खरखरीत. तिच्या खाचांत काळपट कीटण भरलेलं. एक्स-रेतली कणी हीच, पण एक्स-रेने तिचं टोकच दाखवलं होतं. शिवाय कॅप खाली एकदम फुगीर होती, छत्रीसारखी. त्या छत्रीखाली कुठलाही ब्रश शिरला नसता. मी काड्या खुपसत होतो त्या कशाला लागत होत्या देव जाणे.

पहिल्या डॉक्टरांचा राग आला का? आला. चिकटवताना सिमेंट हिरडीखाली किती उतरलं हे वरून दिसत नाही, हे मला मान्य आहे. पण बसवून झाल्यावर तिथल्या तिथे एक एक्स-रे काढला असता तर दोन कामं झाली असती. कणी तेव्हाच दिसली असती आणि माझ्या हातात पहिल्या दिवसाची नोंद राहिली असती. आता हेही सांगितलं पाहिजे की त्यांनी सहा-सहा महिन्यांनी यायला सांगितलं होतं, आणि न जाणारा मी होतो. दोष निम्मा-निम्मा टाकावा म्हटलं, तर माझा निम्मा जरा मोठा निघतो.

त्या दिवशी ऑपरेशन नव्हतं, नुसती खोल साफसफाई. टायटॅनियमला ओरखडे पडू नयेत म्हणून हत्यारं वेगळी वापरतात. टायटॅनियमचीच खरवडणी, मशीनच्या टोकाला प्लास्टिकसारखं आवरण, आणि शेवटी हवा-पाण्याबरोबर अगदी बारीक पुडीचा फवारा. चव गोडसर लागली. अँटिबायोटिक मिळेल म्हणून मी वाट बघत होतो, ते दिलंच नाही. अशा साफसफाईसोबत पोटातून गोळ्या सरसकट देऊ नयेत असं आता मानतात, असं उत्तर मिळालं. माझ्या पाच दिवसांच्या प्रयोगाचा विषय मी काढला नाही.

पुढच्या दोन खेपांत बाकीचे सगळे दात साफ झाले. इम्प्लांट एकटं साफ करून काय उपयोग, शेजारच्या खोलगट हिरड्यांतून तेच जंतू पुन्हा येणार. जुनी कॅप गेली ती गेलीच. नवीन अशी करून घेतली की खाली निमुळती, दोन्ही बाजूंनी ब्रशला वाट असलेली, आणि सिमेंटऐवजी स्क्रूने बसणारी, म्हणजे पुन्हा उघडायची वेळ आली तर भोक पाडायला नको. साखरेसाठी माझ्या नेहमीच्या डॉक्टरांकडे रवानगी झाली. तो भाग कंटाळवाणा आहे, सोडून देतो. तीन महिन्यांनी ६.९ आलं.

साधारण आठ आठवड्यांनी पुन्हा मोजणी. गालाकडून तीन, तीन, चार. रक्त नाही. मी मनातल्या मनात टाळी वाजवली. जिभेकडून तीन, चार, सात. रक्त. पू नव्हता, पण सात होतं आणि रक्त होतं. “आत पोहोचता आलेलं नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “आट्यांच्या खाचा आहेत, न बघता सगळ्या साफ होत नाहीत. उघडावं लागेल.” कितपत यश येईल हे मी विचारलं. त्यांनी आकडा दिला नाही. आजार थांबवायचा हा मुख्य हेतू, हाड भरून आलं तर फायदा, आणि काही इम्प्लांटं सगळं करूनही काढावी लागतात, असं स्वच्छ सांगितलं. त्या स्वच्छपणामुळेच मी सही केली.

ऑपरेशन साखर आटोक्यात आल्यावर झालं. तास-सव्वा तास लागला. दुखलं नाही, पण ऐकू सगळं येतं. हिरडी कापून बाजूला केल्यावर आत लालभडक, मऊ गोळा भरलेला होता. तो खरवडून काढायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला. मग एका गुंडाळीसारख्या बारीक टायटॅनियमच्या ब्रशने आटा न् आटा घासला. कवटीच्या आत कुणी भांडं घासतंय असा आवाज. सलाइनने पुन्हा पुन्हा धुतलं. खड्ड्याला तीन बाजूंनी हाडाची भिंत शिल्लक होती, हे माझं नशीब. भिंती असतील तर भर टिकते, उघड्या मैदानात टिकत नाही. हाडाची पूड भरली, वर पातळ पडदा, वर टाके. एका बाजूला जिथे भिंत नव्हती तिथे हिरडी मुद्दाम खाली बसवली, म्हणजे खिसा उरू नये.

दुसऱ्या दिवशी गाल असा सुजला की आरशात माझे कुणी दूरचे नातेवाईक दिसत होते. चौथ्या दिवसापासून उतरला. दोन आठवडे त्या जागी ब्रश बंद, फक्त क्लोरहेक्झिडीन या जंतुनाशकाच्या चुळा. त्याने तोंडाची चव पार गेली आणि खालच्या पुढच्या दातांवर तपकिरी डाग पडले, ते नंतर पॉलिश करून निघाले. एक बारीकशी गोष्ट इथे शिकलो. टूथपेस्टने घासल्या घासल्या ही चूळ भरू नये, पेस्टमधल्या फेसाच्या द्रव्याने तिचा जोर जातो. अर्धा तास जाऊ द्यावा. चौदाव्या दिवशी टाके निघाले. काही महिने तिथे नुसतं झाकण होतं, मग नवीन कॅप चढली. त्याच खुर्चीत, त्याच क्षणी मी म्हणालो, “एक्स-रे काढा. आणि मला त्याची प्रत द्या.” त्या म्हणाल्या, “काढणारच होते काका.”

खरं शिक्षण त्यानंतर झालं. डॉक्टरांनी हातात आरसा दिला, दातांना रंग लावणारं औषध फिरवलं आणि घरी घासता तसं घासून दाखवा म्हणाल्या. मी मन लावून घासलं. चूळ भरून पाहिलं तर कॅपचा माथा चकचकीत, आणि हिरडीलगत जिभेच्या बाजूला गडद जांभळी पट्टी जशीच्या तशी. साठ वर्षं दात घासतोय मी. पट्टी बहुधा साठ वर्षांची होती.

आता रात्रीचा माझा क्रम असा. आधी एका झुपक्याचा छोटा ब्रश, जिभेच्या बाजूने हिरडीच्या कडेला टेकवून, हळू. मग फटींत घालायचा बारीक ब्रश, त्याच्या तारेवर प्लास्टिकचं आवरण हवं, उघडी तार धातूवर घासता कामा नये. त्याचं माप हा सगळ्यात गमतीचा भाग. लहान असेल तर नुसता ये-जा करतो, काही निघत नाही. मोठा असेल तर वाकतो आणि हिरडी फाटते. आत जाताना केस किंचित दबले पाहिजेत, पण जोर लावावा लागू नये. माझ्या पुढच्या फटीला एक माप आणि मागच्या फटीला दुसरं लागतं. हे समजेपर्यंत सहा ब्रश वाकवले. फ्लॉसने, म्हणजे दातांच्या फटीत फिरवायच्या दोऱ्याने, बूट पुसतात तसं मागे-पुढे करून बघू का, असं मी उत्साहाने विचारलं, तर नको म्हणाल्या. माझे एक-दोन आटे आता हिरडीच्या वर उघडे आहेत, करडे, आरशात दिसतात. त्या खरखरीत भागात फ्लॉसचे तंतू तुटून अडकले तर तेच नवीन सुजेचं कारण होतं. मुलाने पाण्याचा फवारा मारणारं यंत्र आणून दिलंय. अडकलेलं निघतं त्याने, बरं वाटतं, पण चिकट थर ब्रशनेच जातो.

सुरुवातीला या सगळ्याला बारा मिनिटं लागायची. आता पाच. प्रवासात एकदा दोन दिवस टाळलं, तर तिसऱ्या दिवशी मागच्या फटीतला ब्रश गुलाबी होऊन बाहेर आला. डॉक्टरांनी सांगितलेलं तेव्हा पटलं. स्वेच्छेने तयार झालेल्या लोकांना इम्प्लांट घासायचं तीन आठवडे थांबवायला लावून प्रयोग झालेले आहेत. सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि पुन्हा घासायला लागल्यावर पुढच्या तीन आठवड्यांतही त्या पूर्ण पहिल्यासारख्या झाल्या नव्हत्या. बिघडायला लागतात तितके दिवस सुधारायला पुरत नाहीत.

दर तीन महिन्यांनी जातो. एक वर्षाच्या एक्स-रेत खड्ड्याचा बराच भाग पांढरा झालेला दिसला, पूर्ण नाही. बरं झालं का, असं मी दर वेळी विचारतो आणि दर वेळी एकच उत्तर मिळतं, “सध्या शांत आहे.”

गेल्या आठवड्यात गेलो होतो. सळई फिरायला लागली की आता मी डोळे मिटून आकडे ऐकतो. “तीन, तीन, चार.” गालाची बाजू झाली. “तीन, चार,” आणि मग थोडं थांबून, “पाच.”

“रक्त?” मी तोंड उघडं ठेवूनच विचारलं. नीट उमटलं नाही, पण त्यांना कळलं.

“एक थेंब. मागच्या फटीत ब्रश कुठल्या मापाचा वापरता?”

मी खिशातून काढून दाखवला. केस पिंजारून चपटे झाले होते, बदलायला हवा होता. त्यांनी एक माप मोठा ब्रश घालून पाहिला. तो केस दाबत, न अडकता आत गेला. हाडाची लढाई केली ती त्यांनी. महिनाभरात फट एका मापाने मोठी झाली होती, ते मला कळलं नव्हतं.